सरांचा डावा गुडघा

सरांचा डावा गुडघा शेवटी वाकला, आणि तो वाकवल्याबद्दल बिजागरीचा टाळ्यांच्या कडकडाटात जाहीर सत्कार झाला. तिच्या आयुष्यात एवढी मानहानी त्याआधी एकदाच झाली होती.

पण हे घडलेलं नाही. निदान अजून तरी नाही. वाचकांनी वरच्या ओळी वाचल्याच नाहीत असं धरून चालावं. छपाईत असल्या चुका होतात.

घडलं ते एवढंच, की एका सोमवारी सकाळी फिजिओथेरपीच्या क्लिनिकचं काचेचं दार ढकलून एक उंच, वाळका म्हातारा आत आला. वॉकरचे चार पाय आणि स्वतःचे दोन, असे सहा पाय तो एकेक करून पुढे टाकत होता आणि तरी त्याची ऐट अशी, की सहाही पाय त्यानेच शोधून काढलेत. आत खाटेवरची चादर बदलणाऱ्या फिजिओथेरपिस्टने वर पाहिलं. चादर तिच्या हातात तशीच राहिली.

"सापडला," ती मनात म्हणाली.

तिला बिजागरी म्हणत. आधी पाठीमागे म्हणत, मग तोंडावर म्हणू लागले, मग ती स्वतःही फोनवर "हां, बिजागरी बोलतेय" म्हणू लागली. नाव असंच मुरतं. हे नाव त्या म्हाताऱ्याने ठेवलं नव्हतं, पण त्याच्यामुळेच पडलं होतं.

म्हणजे असं, की सर कॉलेजात शरीररचना शिकवायचे. त्यांच्या वर्गाच्या कोपऱ्यात डोक्याला आकडा लावून एक सांगाडा टांगलेला असे. सर त्याला "माझे सहकारी" म्हणायचे, आणि कॉलेजातल्या बाकीच्या सहकाऱ्यांना त्यात अपमान वाटत नसे, कारण सर त्यांच्यापेक्षा त्याच्याशी नीट बोलायचे. सरांच्या तोंडी परीक्षेची एक रीत होती. नुसतं तोंडाने उत्तर दिलेलं चालायचं नाही, अंगाने करून दाखवावं लागे. खांदा विचारला, की हात गरागरा फिरवायचा आणि सांगायचं, हा उखळीचा सांधा, मुसळ उखळात फिरतं तसा चहूकडे फिरतो आणि म्हणूनच सगळ्यात जास्त निखळतो. मान विचारली, की डोकं डावीकडून उजवीकडे हलवून खिळीचा सांधा दाखवायचा. सर म्हणत, माणसाला नाही म्हणता यावं म्हणून हा सांधा दिलाय, हो म्हणायचा त्याच्या वर वेगळा आहे, आणि तुम्ही लोक नको तिथे नको तो वापरता. कवटीच्या शिवणी विचारल्या, की हे अचल सांधे, असं म्हणून काहीही न हलवता गप्प उभं राहायचं. त्या प्रश्नात मठ्ठातला मठ्ठ पोरगाही पैकीच्या पैकी मिळवायचा.

बिजागरीची पाळी आली तेव्हा सर म्हणाले, "गुडघा."

तिने पाय वाकवला, सरळ केला, पुन्हा वाकवला. "बिजागरीचा सांधा, सर."

"नुसता?"

दुसरं कोणी असतं तर तिथे आवंढा गिळून थांबलं असतं. पण ती एकोणीस वर्षांची होती आणि त्या दिवशी तिला सगळं येत होतं. "नुसता," ती म्हणाली.

खरी गोष्ट अशी, की गुडघा पाय सरळ करताना अगदी शेवटी, जाता जाता, किंचित वळतो. मांडीचं हाड आतल्या बाजूला जरासं फिरतं आणि सांध्याला कुलूप लागतं. म्हणून माणूस रांगेत ताटकळत उभा राहू शकतो, नाहीतर मागच्याच्या अंगावर कोसळला असता. दाराची बिजागरी असलं काही करत नाही. ती उघडते आणि मिटते, विषय संपला.

"त्या दाराला विचारून या," सर म्हणाले, "शेवटी वळतं का म्हणून."

ती हसली. सर हसले नाहीत. तिला परीक्षेच्या खोलीच्या दारात उभं केलं गेलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक मुलासाठी दार उघडायला आणि लावायला सांगितलं गेलं. वळलं की लगेच कळवा, सर म्हणाले. अख्खी बॅच तिने उघडलेल्या दारातून आत गेली आणि पास होऊन बाहेर आली. दार वळलं नाही. ती नापास झाली, सहा महिने मागे पडली, आणि ज्या नामांकित क्रीडा केंद्राने तिच्यासाठी जागा राखून ठेवली होती, तिथे मधल्या काळात तिचीच मैत्रीण चिकटली. ती मैत्रीण आता धावपटूंचे घोटे दाबते आणि पेपरात फोटोत असते. फोटोत तिचा कोपर तेवढा येतो, पण येतो.

तेव्हापासून बिजागरीने डूख धरला होता. तिच्यात तो आईकडून आला होता. आई सुडाच्या बाबतीत पद्धतशीर बाई. तिची सख्खी बहीण एकदा शिडी घेऊन गेली ती परत करायला विसरली, तर आईने तिच्या घरचं पाणी सोडलं, आणि शिडी परत आली तेव्हा, आता शिडीचा संबंध नाही, असं सांगून अबोला तसाच चालू ठेवला. माफ करणारी माणसं मुळात आळशी असतात, असं तिचं मत होतं. संध्याकाळी गॅलरीत बसून ती एकेकाचं नाव घ्यायची आणि बोटं मोडायची. दोन्ही हातांच्या बोटांचे सांधे मिळून जेवढे होतात तेवढी नावं तिच्याकडे कायम तयार असत. सरांना अंगठा राखून ठेवला होता. अंगठ्याच्या बुडाशी खोगीर सांधा असतो, दोन हाडं एकमेकांवर मांड ठोकून बसल्यासारखी, आणि तो मोडताना चांगला आवाज येतो.

तर सर आले. सरांबरोबर काकू आल्या, म्हणजे सरांच्या पत्नी. बुटक्या, गोऱ्या, हातात एक मोठी पिशवी, आणि चेहरा असा, की बसच्या रांगेत कोणीही त्यांना पुढे जाऊ देईल. सरांचा गुडघा झिजून गेला होता, तो काढून सर्जनने धातूचा बसवला होता. क्लिनिकच्या मालकीणबाईंना सगळे मॅडम म्हणत. मॅडमनी कागद पाहिले आणि बिजागरीला बाजूला घेऊन मामला समजावला. जखमेच्या आत आता कोळिष्टकासारखे धागे धरायला लागलेत. रोज वाकवून ते तोडले नाहीत, तर पाय आहे तसा आखडणार. पाच आठवड्यांनी सर्जन बघतील. तोवर नव्वद अंशांच्या पुढे गेला नाही, तर भूल देऊन ताकदीने वाकवावा लागेल, आणि म्हाताऱ्याचं हृदय भुलीच्या लायकीचं नाही. म्हणजे मग जन्माचा ताठ पाय.

"तुझा हात जड आहे," मॅडम म्हणाल्या. "तूच घे."

बिजागरीने घेतला. सरांनी तिला ओळखलं नाही. तिच्याकडे पाहून ते म्हणाले, तुमच्या पोटऱ्या चांगल्या कमावलेल्या दिसतात, आणि खाटेवर पाय टाकून छताकडे बघत पडले.

या धंद्याचा एक नियम आहे आणि त्या क्लिनिकात तो हवेतच होता. पेशंट शिव्या देतोय तोवर काम नीट चाललंय. कोनमापक असायचा, पण मॅडमना त्याची फारशी गरज पडत नसे, त्या बाहेर बसून नुसतं ऐकायच्या. साठ अंशांना माणसाला देव आठवतो. सत्तरला आई आठवते. ऐंशीला फिजिओथेरपिस्टची आई आठवते. त्यापुढे जे आठवतं ते कोणत्याच नात्यात बसत नाही, आणि मग समजायचं की गुडघा बरा होतोय.

बिजागरीने पहिल्याच दिवशी कंबर कसली. इतक्या वर्षांचा राग तिने दोन्ही तळहातांत उतरवला, सरांची नडगी धरली आणि दाबली. सर पांढरेफटक पडले. देव नाही, आई नाही, काही नाही. दातांवर दात ठेवून ते एवढंच म्हणाले, "आत्ता जे ताणलं जातंय, त्याचं नाव सांगू का?"

मग तिने ठरवलं, याला दुखवायचं तर परीक्षा घेऊनच. दाबता दाबता ती विचारायची, मनगट कसलं, घोटा कसला, पाठीचे मणके एकमेकांवर काय करतात. सर घामाने निथळत उत्तरं द्यायचे. मणके म्हणजे अर्धचल, प्रत्येक जरासाच हलतो, पण सगळे मिळून माणसाला लवता येतं. सरकारी कचेरीसारखं, फक्त तिथे शेवटचा भाग कोणी करत नाही. मनगटाची हाडं एकमेकांवर सरकतात, ओल्या गोट्यांसारखी. चौथ्या दिवशी सर वेळेच्या आधीच येऊन बसले. निवृत्त झाल्यापासून त्यांना कोणी काही विचारलंच नव्हतं. आता रोज सकाळी एक बाई त्यांचा पाय पिळत तासभर प्रश्न विचारते, याचा त्यांना एवढा आनंद झाला, की ते रात्री उजळणी करू लागले. मॅडमनी बाहेरून ओरडून विचारलं, आज एवढं शांत कसं. बिजागरीने कोनमापक लावून पाहिला. साठावर आलेला गुडघा पंच्याऐंशीवर होता.

घरी आईने ऐकलं आणि मोडायला घेतलेला अंगठा तसाच सोडून दिला. "अगं, तू सूड घेतेयस का सेवा करतेयस?"

प्रश्न रास्त होता. बिजागरी रात्रभर कूस बदलत राहिली. पिळावं तर बरा होतो. छळावं तर खूष होतो. तिच्या धंद्यात दुष्टपणाची सोयच नव्हती, जेवढा करावा तेवढा तो उपचारात जमा व्हायचा. आणि पहाटे केव्हातरी तिला उलटा रस्ता दिसला. या धंद्यात माणसाचं कायमचं वाटोळं करायचं तर एकच मार्ग आहे. त्याच्यावर माया करायची.

दुसऱ्या दिवशी तिने सरांच्या गुडघ्याखाली उशी ठेवली.

ज्याने हे काम केलंय त्याला हे वाचून शहारा येईल. नव्या गुडघ्याखाली उशी ठेवत नाहीत. उशीवर पाय सुखावतो, अर्धवट वाकून पडून राहतो, आणि मग त्याला ना पुरतं सरळ व्हावंसं वाटत, ना पुरतं वाकावंसं. मऊ उशीसारखं हत्यार नाही. शिकाऊ पोरींना मॅडम पहिल्या दिवशी हेच बजावायच्या. बिजागरीने मात्र सर्वात फुगीर उशी निवडली, वर शेक ठेवला, पडदा ओढला, आणि सरांच्या कपाळावरचा घाम टिपला. दुखतंय का, सर? मग राहू दे आज. उद्या बघू. सर म्हणाले, आज प्रश्न नाहीत? ती म्हणाली, तुम्ही विश्रांती घ्या. सरांचा चेहरा उतरला, आणि ते पाहून तिला पहिल्यांदा काहीतरी जमल्यासारखं वाटलं.

गुडघा उतरू लागला. पंच्याऐंशीचा ऐंशी झाला. मॅडमना आतून शिव्याही ऐकू येईनात आणि उत्तरंही, तशा त्या काळजीत पडल्या. बिजागरीने म्हातारपण, हवा, हाडांचा दर्जा अशी कारणं दिली. ऐंशीचा सत्तर झाला. आता तो पुरता सरळही होईना. आईने त्या संध्याकाळी अंगठा असा मोडला, की शेजारच्यांनी डोकावून पाहिलं.

सर्जनची तारीख आठवड्यावर आली होती. बिजागरीला मधेच एखाद्या रात्री त्या ताठ पायाचं स्वप्न पडायचं. स्वप्नात तो पाय एकटाच दारात उभा असायचा. ती उठून पाणी प्यायची, ही बदहजमी आहे असं स्वतःला सांगायची, आणि सकाळी पुन्हा उशी फुगवायची.

अशात एक दिवस, सर आत शेक घेत पडलेले असताना, काकूंनी तिला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि तिचा हात हातात घेतला.

"बाळा, तू फार मायाळू आहेस. आधीची ती दाबादाबी मला बघवत नव्हती. असंच चालू दे. घाई नको."

बिजागरी म्हणाली, काकू, वेळ लागेल.

"लागू दे गं." काकूंनी आत एकदा पाहून घेतलं आणि आवाज उतरवला. "आमची झोपायची खोली वर आहे. ऑपरेशनपासून हे खाली निजतात. वर मी एकटी. खिडकी मला हवी तेव्हा उघडते, दिवा मला हवा तेव्हा घालवते. लग्न झाल्यापासून हा माणूस रोज निजताना विचारतो, आज नवीन काय शिकलीस. आणि मी जे सांगेन त्यात चूक काढतो. एकदा मी म्हटलं, आज काही शिकले नाही, तर त्यातसुद्धा काढली." काकूंनी पिशवी मांडीवर ओढली. "चालता-फिरता होऊ दे त्यांना, माझं काही म्हणणं नाही. फक्त जिना चढता येऊ नये, एवढं बघ."

बिजागरीने हात सोडवून घेतला.

"घरी मी ठेवतेच," काकू पिशवीवर थोपटत म्हणाल्या. "दोन उश्या. एक गुडघ्याखाली, एक वर. तू ठेवलेली पाहिली आणि मला कळलं, आपलं जमणार."

म्हणजे एवढा आखडला तो काही हिच्या एकटीच्या उशीने नव्हता. हिला आधी तेच लागलं. इतके दिवस ज्या कामगिरीवर ती मनातल्या मनात खूष होती, त्यातली निम्म्याहून जास्त दुसऱ्याच बाईची निघाली. बिजागरी त्या दिवशी पायी घरी गेली. वाटेत तिला सारखं वाटत होतं, की आपण एका मोठ्या रांगेत उभे आहोत आणि पुढे काकू आहेत, त्यांच्या पुढे आणखी कोणी असतील, आणि सगळ्यांच्या हातात उशी आहे.

आईला सांगितल्यावर आईने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग तिने निकाल दिला.

"दुसरीच्या सुडात आपण मजूर व्हायचं नाही. आणि मला सांग, त्याला कळलंय का, कोणी केलं ते?"

"नाही."

"कशाबद्दल, ते?"

"नाही."

"मग त्याला सूड म्हणत नाहीत, हवामान म्हणतात. उद्या जा आणि सांग त्याला. नाव घेऊन सांग. मग हवं तर चार उश्या ठेव."

दुसऱ्या दिवशी काकूंनी सर्जनने मागवलेला नवा एक्स-रे आणला होता. धातूचा सांधा आत हलला बिलला तर नाही ना, हे सर्जनना बघायचं होतं. लिफाफा बंदच होता. सरांनी तो उघडला नव्हता, कारण जिवंत माणसांच्या हाडांवर माझा विश्वास नाही, असं ते म्हणत. ऑपरेशनच्या आधी सर्जन त्यांना, आम्ही नेमका कसला सांधा बसवणार, ते समजावू लागले तेव्हा सरांनी त्यांच्या उच्चारातल्या चुका काढल्या होत्या. मग सर्जनने समजावणं सोडून सही घेतली. क्लिनिकला आलेल्या कागदावरही "गुडघा बदलला" एवढंच होतं.

बिजागरीने एक्स-रे उजेडाच्या पाटीवर लावला, आणि बघतच राहिली.

वर मांडीचं हाड, खाली नडगीचं. मधे धातूचे दोन तुकडे, आणि त्या दोघांमधून आरपार गेलेला एक आडवा दांडा. सरांच्या गुडघ्यातली हाडं बांधून ठेवणारे दोर इतके झिजले होते, की सर्जनने साधा सांधा न बसवता दांड्याचा बसवला होता. तो उघडतो आणि मिटतो. शेवटी वळतबिळत नाही.

तिने पडदा ओढला आणि सरांच्या समोर उभी राहिली. "सर, मला ओळखलंत?"

"तुम्ही फिजिओथेरपिस्ट."

"त्याच्या आधी. तोंडी परीक्षेत तुम्ही मला दारात उभं केलं होतं. पूर्ण परीक्षाभर. दार उघडायला आणि लावायला. मी गुडघ्याला नुसती बिजागरी म्हटलं म्हणून."

सरांनी कपाळाला आठ्या घातल्या. खरोखर आठवायचा प्रयत्न केला, हे दिसत होतं. "कोणतं वर्ष?"

तिने वर्ष सांगितलं.

"असेल," सर म्हणाले. "दरवर्षी कोणीतरी असायचं. त्या दाराला अडणी नव्हती गं. वाऱ्याने आपटायचं. शिपायाची जागा भरायची राहिली होती, मग मी पहिलं चूक उत्तर देणाऱ्याला तिथे उभं करायचो."

तिचे सहा महिने, ती जागा, ते नाव, आईचा अंगठा, पेपरातला मैत्रिणीचा कोपर. एका अडणीसाठी. लाकडाच्या त्रिकोणी तुकड्याने झालं असतं ते काम.

तिने उजेडाची पाटी सरांकडे फिरवली. "हा बघा."

"कोणाचा?"

"तुमचा."

सर कोपरांवर उठले. एक्स-रेला पाठ दाखवणारा तो माणूस आता डोळे बारीक करून बघत होता. नजर दांड्यावर गेली आणि तिथेच अडकली.

"कसला सांधा, सर?" बिजागरीने विचारलं.

"बिजागरीचा," सर म्हणाले. ती पुढचं विचारणार होती, पण ते स्वतःच म्हणाले, "नुसता." मग लहान पोराने विचारावं तसं विचारलं, "शेवटी जरासुद्धा वळणार नाही?"

"नाही."

"म्हणजे कुलूप लागणार नाही."

"नाही लागणार."

सर पुन्हा आडवे झाले. छताकडे पाहत त्यांनी ओठ चाटले. वाट्टेल तेवढं दाबूनही ज्याच्या तोंडून हूं निघालं नव्हतं, त्याच्या डोळ्यांच्या कोपऱ्यात पाणी आलं. बिजागरीला वाटलं, आता मिळालं. हेच हवं होतं. तिने ते नीट बघून घेतलं, आईला जसंच्या तसं सांगता यावं म्हणून.

"अर्धा गुण," सर म्हणाले.

"काय?"

"तुझं उत्तर माझ्या गुडघ्यापुरतं बरोबर धरतो. बाकी सगळ्या जगाच्या गुडघ्यांपुरतं चूकच आहे. अर्धा गुण देतो." आणि मग खाली, उशीकडे हात करून, "आणि बिजागरी आहे तर बिजागरीसारखी वाकव की. पाहुण्यासारखं काय लोडावर निजवून ठेवलंयस? का तुला तेही येत नाही?"

कोणत्या मुलीने काय केलं असतं, माहीत नाही. बिजागरीने उशी उचलली आणि पडद्यावरून पलीकडे भिरकावली. शेक गेला. तिने नडगी धरली. त्या दाबण्यात डोकं नव्हतं, उपचार नव्हता. त्यात अडणी होती, अर्धा गुण होता, काकूंची पिशवी होती, रांग होती. आतून ओलं कापड फाटावं तसा आवाज आला. सरांना देव आठवला. तिने सोडलं, श्वास घेतला, पुन्हा दाबलं. त्यांना त्यांची आई आठवली. मग तिची आठवली. ती म्हणाली, तिच्याबद्दल बोलायचं काम नाही, आणि आणखी दाबलं. त्यानंतर सरांच्या तोंडून जे बाहेर पडलं ते शरीररचनेच्या कोणत्याही पुस्तकात नाही, पण अवयव सगळे बरोबर होते.

बाहेर मॅडम खुर्चीवरून उठल्या. पडदा सारून त्यांनी कोनमापक लावला. एकशे दहा.

बिजागरी आपल्या हातांकडे बघत राहिली. तिला वाटलं होतं, आपण काहीतरी मोडलं. मोडलं होतंच. फक्त जे मोडायला हवं होतं, तेच.

पुढचं वर सांगून झालं आहे, म्हणजे सांगितलेलं नाही. क्लिनिकच्या वर्धापनदिनाला मॅडमनी छोटं व्यासपीठ बांधलं. सर वॉकरशिवाय त्याच्या पायऱ्या चढून गेले, काकूंच्या देखत. काकू पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्यांनी टाळी वाजवली नाही. त्यांनी बिजागरीकडे पाहिलं, एकदाच, आणि त्या पाहण्यात पुढच्या सगळ्या रात्री होत्या. बिजागरी अजूनही त्यांच्या घराच्या बाजूचा रस्ता टाळते.

सरांनी माइक धरला. ते म्हणाले, ही माझी विद्यार्थिनी. मी हिला नापास केलं होतं, आणि त्याच दिवशी मला दिसलं होतं, या मुलीत जिद्द आहे. त्या दिवशी पास केलं असतं तर आज माझा गुडघा वाकला नसता. म्हणून म्हणतो, शिक्षकाने कडक असावं, फळ उशिरा का होईना, मिळतं. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मॅडम डोळे टिपत होत्या. बिजागरीच्या हातात फुलांचा गुच्छ होता आणि मागच्या रांगेतून बोटं मोडल्याचे आवाज येत होते, एकामागोमाग एक, दोन्ही हातांचे. हातांचे सांधे संपल्यावर आईने बुटातल्या बोटांकडे मोर्चा वळवला.

"आणि बरं का," सर शेवटी म्हणाले, "उजवाही झिजलाय."

सोमवारी मॅडमच्या टेबलावर बिजागरीचा खालील अर्ज होता. मॅडमनी तो चहाच्या कपाखाली ठेवला आणि तो अजून तिथेच आहे.

प्रति,
मा. संचालिका

विषय : रुग्णाचा डावा गुडघा पूर्वस्थितीत परत मिळणेबाबत.

महोदया,

वरील विषयास अनुसरून विनंती करण्यात येते, की सदर गुडघा अर्जदाराने सद्हेतूने बरा केलेला नसून रागाच्या भरात, अनवधानाने व पूर्णतः विरुद्ध उद्देशाने बरा केलेला आहे. त्या उद्देशाची कोणतीही पूर्तता न होता उलट अर्जदाराचा जाहीर सत्कार करण्यात आलेला असल्याने अर्जदाराचे भरून न येणारे नुकसान झाले आहे. सबब सदर गुडघा सत्तर अंशांवर, आखडलेल्या स्थितीत, उशीसह अर्जदाराच्या ताब्यात देण्यात यावा. तांत्रिक अडचणींमुळे तसे करणे शक्य नसल्यास, रुग्णाच्या उजव्या गुडघ्यावर अर्जदाराचा प्रथम हक्क नोंदवून घ्यावा, रुग्णाच्या पत्नीचा हक्क त्यानंतरचा समजण्यात यावा, आणि झालेला सत्कार पूर्वलक्षी प्रभावाने रद्द करून त्यातील टाळ्या संबंधितांकडून परत मागवण्यात याव्यात, ही नम्र विनंती.